लाईट गेल्यावर व्हॉल्व्हने काय करावे

माझे यजमान घरी बिअर बनवत. नातेवाइकांत हे कुणी मोठ्याने बोलत नसे, पण आता लपवण्यासारखे काही उरलेले नाही, म्हणून आधीच लिहून टाकते. आम्ही उज्जैनला माधव नगरात पहिल्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. मागे एक बंद केलेली गॅलरी होती. तिथे मी कपडे वाळत घालायची. मग तिथे लोखंडी अँगलचा तीन पायऱ्यांचा स्टँड आला, स्टँडवर तीन मोठे कॅन आले आणि माझे कपडे गच्चीवर गेले.

यजमान कापड मिलमध्ये रंगाई खात्यात होते. वाफ, पाणी आणि रंगाच्या नळ्यांवरचे मीटर आणि व्हॉल्व्ह सांभाळणे हे त्यांचे काम. मिलने कधीकाळी नवी मशीन घेतली तेव्हा त्यांना शिकायला काही आठवडे जर्मनीला पाठवले होते. तिथे ते ज्याच्या घरी राहिले तो माणूस तळघरात बिअर करायचा. पुढे ती मशीन मिलबरोबर भंगारात गेली, तळघर तेवढे यजमानांच्या डोक्यात राहिले. नव्वदनंतर देशात सगळे खुले होत होते आणि आमच्या गावात मिली बंद होत होत्या. टावर चौकातल्या दुकानांत परदेशी चॉकलेटे दिसायला लागली त्याच सुमारास आमच्या मिलचा भोंगा थांबला. मी दुधाच्या एका प्लांटमध्ये प्रयोगशाळेत होते. तेव्हापासून घर माझ्या नोकरीवर चालले. मुलगा पुण्याला शिकत होता. दिवसभर घरात यजमान एकटे.

त्यांनी जव आणले, गच्चीवर ओल्या पोत्यांत मोड आणले, वाळवले, भाजले. हॉप्स नावाची कडू फुले आणि यीस्टची पाकिटे परदेशातला एक भाचा पाठवायचा. परवाना नव्हता. "मी गाळत नाही, आंबवतो," असे ते म्हणत, जणू आबकारी खात्याचा माणूस दारात उभा राहून हा फरक समजून घेणार होता. थोडीच करत, दोन-तीन मित्रांना देत. मी चव घेतली होती. कडू होती आणि स्वच्छ होती. दुधाच्या धंद्यात राहिल्यामुळे मला दुसरी गोष्ट पहिल्यापेक्षा महत्त्वाची वाटते.

यजमानांची मोठी बहीण देवासला असते. अमावास्येला राम घाटावर स्नानाला यायची आणि परत जाताना आमच्याकडे जेवायची. तिला सगळे ठाऊक होते, पण तिने ठाऊक नसल्याचा आव कधी सोडला नाही.

"गॅलरीत काय शिजतंय गं? म्हशीच्या आंबोणासारखा वास येतोय."

"जव उकळताहेत, वन्सं."

"जव. बरं." मग भावाकडे वळून, "काळभैरवाला दारू चढवायची तर लोक बाटली विकत आणतात रे. तू कारखानाच काढलास."

"तुला हवी का एक?" यजमान विचारत.

"मला मोक्ष हवाय, बाटली नको," असे म्हणून ती पोळी मागून घ्यायची.

मग यजमानांचा उजवा हात थरथरायला लागला. इंदूरच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळी घेतली की काही तास माणूस बरा, गोळी उतरली की चमचा तोंडापर्यंत जाईना. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, ह्यांना दिवसभर एकटे ठेवू नका, आज ना उद्या पडतील. बाजूला घेण्याची काही गरज नव्हती, यजमानांनी आतून ऐकलेच. घरी येताना बसमध्ये ते एवढेच म्हणाले, "माणूस ठेवलास की मी आजारी. तोपर्यंत मी फक्त हात हलणारा."

माझ्यापुढे दोन रस्ते होते. दिवसभरासाठी माणूस ठेवायचा, नाहीतर त्यांना देवासला बहिणीकडे पाठवायचे. बहीण तयारच होती. "माझ्याकडे आण, दोन वेळा गरम जेवेल, गॅलरीतले उद्योग तरी बंद होतील," असे ती म्हणालीही होती. यजमानांना दोन्ही नको होते. नोकरी सोडणे मला शक्य नव्हते आणि, खरे सांगायचे तर, मला ती सोडायचीही नव्हती.

त्या पावसाळ्यात एक दिवस वरच्या कॅनमधले गरम पाणी खाली सोडताना त्यांचा हात व्हॉल्व्हच्या दांडीवर अडखळला. दांडी अर्धी फिरली, हात झटकला गेला, नळी निसटली आणि मनगटावर पाणी आले. संध्याकाळी मी आले तेव्हा मनगटाला टूथपेस्ट फासून ते पेपर वाचत बसले होते.

"हे आता बंद," मी म्हटले.

"काय बंद? बिअर की मी?"

"उकळतं पाणी हातानं सोडणं."

"मग हातानं नको सोडायला. इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह लावू. पॅनलवर बटणं. बटण दाबायला काही स्थिर हात लागत नाही, उलट थरथरता असला तर दोनदा दाबलं जाईल."

ते विनोद करत होते, पण विचार करूनच बोलत होते. मीही विचार केला. रात्रभर वगैरे नाही, कणीक मळता मळता. मग त्यांना म्हटले, ठीक आहे, बसवा. पण एक अट. मी ड्यूटीवर असताना एक पूर्ण घाणी करायची, जव भिजवण्यापासून थंड करून पिंपात भरेपर्यंत, कुणाचा हात न लागता. ती नीट झाली तर माणूस येणार नाही आणि देवासचा विषय मी पुन्हा काढणार नाही. नाही झाली तर दिवाळीनंतर दोनातले एक तुम्ही निवडायचे.

"मंजूर," ते म्हणाले. हात पुढे केला. तो हलत होता, म्हणून मी दोन्ही हातांनी धरला.

व्हॉल्व्ह निवडायला आम्हाला महिना लागला. लोकांना वाटेल, त्यात निवडायचे काय. पुष्कळ असते.

स्टँडवर सगळे काम उताराने चालायचे. सर्वांत वर गरम पाण्याचा कॅन, मध्ये भिजवलेल्या जवाचा, खाली उकळायचा. वरून गरम पाणी जवावर पडते, जवातला गोड रस गाळून खाली उतरतो. पंप नाही, दाब नाही, फक्त वरच्या कॅनची उंची. म्हणजे दोन जागी व्हॉल्व्ह हवेत आणि तिसरा खालच्या कॅनच्या तोंडाशी, रस थंड करायला सोडण्यासाठी.

यजमानांचा पहिला कौल सोलेनॉइडला होता. मिलमध्ये आयुष्यभर त्यांनी तेच वापरले. आत तारेची गुंडाळी असते. वीज आली की लोखंडी दट्ट्या वर उचलला जातो आणि वाट उघडते, वीज गेली की स्प्रिंग तो खाली ढकलते आणि वाट बंद होते. मला ही गोष्ट पसंत होती. आमच्या प्लांटमध्ये लाईट गेली की पहिली गोष्ट म्हणजे सगळे बंद. माणसे धावत सुटतात आणि दिसेल तो व्हॉल्व्ह आवळतात, नाहीतर कच्चे दूध तापवलेल्या दुधात जाते आणि सगळी टाकी गटारात ओतावी लागते. आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह म्हणजे तेवढे धावणे वाचले.

फ्रीगंजातल्या दुकानातून एक सोलेनॉइड नमुना म्हणून आणला. जेवणाच्या टेबलावर ठेवून यजमानांनी तो उघडला. स्क्रू मी काढले, ते सांगत गेले.

"हा रबरी पडदा बघ. पुढून पाण्याचा दाब आला की हा उचलला जातो. मिलमध्ये दाब होता. इथे दीड हात उंचीचं पाणी. हा उचलला जायचाच नाही."

"बिनदाबाचे मिळत नाहीत?"

"मिळतात. त्यांचं भोक हरभऱ्याएवढं. जवाचं एक टरफल अडकलं की संपलं. ना पूर्ण उघडणार, ना पूर्ण बंद होणार."

मी आत बोट घालून पाहिले. करंगळीसुद्धा जाईना. "हा धुवायचा कसा?"

"धुता येत नाही. पाणी सोडायचं नुसतं."

"मग तो माझ्या घरात नको. ज्याच्या आत बोट घालून धुता येत नाही, त्याच्यातून गेलेलं मी पिणार नाही."

"तू तशीही पीत नाहीस."

"तुमचे मित्र पितात. ते मेले तर मलाच त्यांच्या घरी भेटायला जावं लागेल."

मग इंदूरला सियागंजात गेलो. तिथे एका दुकानात मोटारीचा बॉल व्हॉल्व्ह पाहिला. आत भोक पाडलेला स्टीलचा गोळा. वर डब्यात छोटी मोटार, ती गोळ्याला पाव फेरी देते. उघडला की आरपार मोकळी नळी, टरफलेच काय, वाटाणे गेले असते. सुटा करून ब्रशने घासता येत होता. दाब लागत नव्हता. सावकाश उघडायचा, सावकाश बंद व्हायचा, धक्का नाही. मला तो बघताक्षणी आवडला आणि म्हणूनच मी विचारले, "लाईट गेली तर?"

दुकानदाराने खांदे उडवले. "जहाँ है वहीं रुक जाएगा, मैडम. मोटर है."

"म्हणजे उघडा असला तर उघडाच?"

"स्प्रिंगवाला भी आता है. लाइट गई कि खुद बंद. पर वो बंबई से मँगाना पड़ेगा. दिवाली के बाद आएगा."

दिवाळीनंतर. मी यजमानांकडे पाहिले. त्यांनी तो व्हॉल्व्ह डाव्या हातात धरला होता, कारण डावा अजून बरा होता.

"वर हँडल आहे बघ," ते म्हणाले. मोटारीच्या डब्यावर खरेच एक काळी कळ होती, लाईट नसताना हाताने फिरवायची. मी फिरवून पाहिली, एका बोटाने फिरत होती. "लाईट गेली तर मी बंद करीन. मी आहे ना तिथे."

ते तिथे असणार होते, त्याच तर कारणासाठी हे सगळे चालले होते. आम्ही तीन व्हॉल्व्ह घेतले.

इथे मिलची एक गोष्ट सांगायला हवी. मिलमध्ये लाईट गेली की कुणीतरी ओरडायचा, "हात काढ," आणि खात्यातला प्रत्येक माणूस जिथे असेल तिथे हात मागे बांधून उभा राहायचा. कशालाही शिवायचे नाही, एक पाऊल हलायचे नाही. कारण बंद पडलेल्या मशीनचे स्विच चालूच असत आणि लाईट परत आली की रूळ एकदम फिरत. त्यात बोटे गेलेली माणसे यजमानांनी पाहिली होती. नव्या पोराला पहिल्या दिवशी काही शिकवले नाही तरी हे शिकवत. घरीसुद्धा लाईट गेली की यजमान चालता चालता थांबायचे आणि हात मागे घ्यायचे. लग्नानंतर पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला वाटले, काही प्रार्थना करताहेत. पुढे त्यात मला काही वेगळे दिसेनासे झाले.

पॅनल एका जुन्या सहकाऱ्याने जोडून दिले. तेही मिलमधले, इलेक्ट्रिशियन, आता फ्रीगंजात पंखे आणि मोटारी दुरुस्त करत. मोठी बटणे, लाल आणि हिरवे दिवे. खालच्या कॅनमध्ये एक तरंगता गोळा बसवला. कॅन भरत आला की गोळा वर येणार, पॅनलला कळणार आणि वरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद होणार. एका रविवारी नुसत्या पाण्यावर सगळे चालवून पाहिले. मोटारी गुरगुरल्या, दिवे बदलले, पाणी जिथे थांबायला हवे तिथे थांबले. यजमान स्टुलावर बसून बटणे दाबत होते.

"वहिनी, साहेब आता बसल्या बसल्या कारखाना चालवून राहिले," इलेक्ट्रिशियन म्हणाले. "पुढच्या टायमाला घोट घ्यायचाही एक व्हॉल्व्ह लावून देतो. ग्लास उचलायची कटकट नको."

"लाव," यजमान म्हणाले. "आणि बिल हिच्या नावावर."

सगळे हसले. मीही हसले.

ठरलेली घाणी एका मंगळवारी केली. माधव नगरात तेव्हा सकाळची वीजकपात जाहीर असायची, ती संपल्यावर सुरू करायचे आणि दुपारपर्यंत उरकायचे असा बेत होता. दिवसा पुन्हा लाईट जात नसे. निदान जाहीर नसायची. मी त्यांची गोळी, पाणी आणि डबा स्टुलाजवळ ठेवला, त्यांना दारापर्यंत उठावे लागू नये म्हणून रोजच्यासारखे बाहेरून कुलूप लावले आणि ड्यूटीवर गेले.

दुपारी प्रयोगशाळेत फोन आला. आमच्या खाली राहणाऱ्या बाईंचा.

"बहनजी, ऊपर से पानी टपक रहा है. गरम है. और चिपचिपा. भाई साहब को आवाज़ दे रही हूँ, वो अंदर से हाँ बोलते हैं, पर बाहर से ताला लगा है."

"लाइट है?"

"लाइट तो कब की गई."

मी लूनावर घरी आले. किल्लीने दार उघडले. स्वयंपाकघराच्या जमिनीवर तपकिरी रस पसरला होता आणि गॅलरीच्या दारातून अजून बाहेर येत होता, आता कोमट. यजमान खालच्या कॅनसमोर उभे होते. हात मागे. कॅन काठोकाठ भरलेला आणि काठावरून रस बारीक धारेने त्यांच्या पायांवर पडत होता. पायांत रबरी चपला होत्या. वरचे दोन्ही व्हॉल्व्ह उघडे होते, लाईट गेली तेव्हा होते तसे. कॅनमधला गोळा तरंगत वर आला होता, पण लाईट नसताना ते पॅनलला कळणार कसे.

मी आधी कळ फिरवली. पाव फेरी, दुसऱ्या व्हॉल्व्हची पाव फेरी. धार थांबली. मग त्यांचा दंड धरला.

"चला."

"लाईट येऊ दे," ते म्हणाले.

त्यांचा आवाज नेहमीसारखा होता. चेहऱ्यावर घाम होता आणि हनुवटी हलत होती. मी ओढले तर वरचे अंग पुढे आले आणि पाय तिथेच राहिले, जणू जमिनीत रोवलेले. खालच्या बाईंचे यजमान वर आले होते. आम्ही दोघांनी ह्यांना उचलून खुर्चीवर बसवले. डावी चप्पल सहज निघाली. उजवी निघताना चपलेबरोबर कातडी आली. तेव्हा ते पहिल्यांदा ओरडले.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी पाय पाहिले, मग विचारले, कशाने भाजले.

"जौ का काढ़ा," मी म्हटले. यीस्ट अजून घातले नव्हते, तेव्हा ते खोटेही नव्हते.

"काढ़ा पैरों पे गिरा तो हटे क्यों नहीं, बाबूजी?"

यजमानांनी त्यांना मिलचा नियम सांगितला. नीट, क्रमाने, नव्या पोराला सांगावा तसा. लाईट गेली, हात काढायचा, जागचे हलायचे नाही, लाईट आल्याशिवाय कशाला शिवायचे नाही. डॉक्टरांनी ऐकून घेतले आणि माझ्याकडे पाहिले. मी पट्टीचे सामान हातात धरले होते, त्यांना पुढची कापसाची घडी दिली.

त्या संध्याकाळी वन्संचा फोन आला. खालच्या बाईंनी कळवले असणार, दोघी अमावास्येच्या ओळखीच्या.

"त्याला दे फोन," ती म्हणाली. मी दिला. पलीकडचे मला ऐकू येत नव्हते, यजमानांचे येत होते.

"नाही गं. सवय. मिलची सवय. ... हो, तीस वर्षांची सवय जाते का? ... नाही, आजाराचा काही संबंध नाही. व्हॉल्व्ह चुकीचा घेतला, एवढंच. ... हो, हिनंच पसंत केला."

फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

दोन-तीन दिवस असेच गेले. इलेक्ट्रिशियन भेटायला आले, तेही तेच म्हणाले. साहेब, स्प्रिंगवाला घ्यायला हवा होता. बॅटरी लावून देतो, लाईट गेली तरी मोटार चालेल. यजमान पडल्या पडल्या उत्साहाने बोलायला लागले, बॅटरी कुठे ठेवायची, तार कुठून न्यायची. मुंबईहून ते दुसरे व्हॉल्व्ह मागवायचे का, हेही निघाले. मी चहा आणून दिला. मला दिसत होते की हे दोघे एका दुरुस्त करता येण्याजोग्या गोष्टीभोवती बसले आहेत आणि त्यांना तिथून उठायचे नाही.

मलाही ते सोपे पडले असते. लाईट गेल्यावर व्हॉल्व्हने बंद व्हावे, हे मी पहिल्यापासून म्हणत होते. पण मी त्या दुपारचा हिशेब वेगळ्या रीतीने मांडून पाहिला होता. समजा आम्ही स्प्रिंगचा व्हॉल्व्ह घेतला असता. लाईट जाते, व्हॉल्व्ह बंद होतात, एक थेंब सांडत नाही. खालच्या बाई फोन करत नाहीत. यजमान कॅनसमोर हात मागे बांधून उभे. लाईट येते, तरी ते उभेच. संध्याकाळी मी येते, ते स्टुलावर कसेबसे बसलेले असतात आणि सांगतात, जरा उशीर झाला, लाईट गेली होती. मी विश्वास ठेवते. घाणी नीट झाली, माणूस नको, देवास नको. आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बाहेरून कुलूप लावून जाते.

इलेक्ट्रिशियन गेल्यावर मी पट्टी बदलायला बसले.

"एक विचारते. खरं सांगा. हलायचं नव्हतं की हलता येत नव्हतं?"

"सांगितलं की. सवय."

"खालच्या बाई हाका मारत होत्या. पायांवर पाणी पडत होतं. तुमची सवय बोटं वाचवायची आहे, पाय भाजून घ्यायची नाही."

"काय फरक पडतो?"

"मला पडतो. मला उद्या ड्यूटीवर जायचंय."

मी जुनी पट्टी भिजवून सोडवत होते, ते काम सावकाशच होते. उजव्या पायाची बोटे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये कापूस घालत होते.

"आधी हललो नाही," ते म्हणाले. "लाईट गेली आणि मी हात मागे घेतले. नेहमीसारखे. मग कॅन भरताना दिसला, म्हटलं, हे घर आहे, मिल नाही, कळ फिरवायची. तर हात पुढे येईना. पाय उचलेना. म्हटलं, गोळी उतरली असेल. दुसरी गोळी स्टुलाजवळ होती. स्टूल दोन पावलांवर होतं."

"याआधी असं झालं होतं?"

"बाथरूमच्या दारात. दोनदा. चारदा." मग म्हणाले, "हात हलतो ते लोकांना दिसतं. हे कुणाला दिसत नाही. उभा माणूस उभाच दिसतो."

मी पट्टी बांधून संपवली. रडण्यासारखे काही बोलणे झाले नाही. त्यांनी विचारले, देवास की माणूस. मी म्हटले, तुम्ही निवडायचे ठरले होते. त्यांनी भिंतीकडे तोंड करून सांगितले, "माणूस बघ. ताईकडे गेलो तर ती मला रोज गंगाजळ पाजेल."

उजवा पाय पुरता बरा झाला नाही. जखम भरायला हिवाळा संपला आणि तोवर चालण्याची सवय मोडली. मग काठी आली, मग खुर्ची. त्या मंगळवारचा रस मी त्याच दिवशी बादल्यांनी मोरीत ओतला होता. स्टँड गॅलरीतून काढला आणि इलेक्ट्रिशियन हातगाडीवर घालून घेऊन गेले. व्हॉल्व्ह मी उघडून, घासून, कोरडे करून दिले. चांगले व्हॉल्व्ह होते, कुणाच्या तरी कामाला आले असतील.

माणूस त्याच वर्षी, दिवाळीनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात आला. पन्नाशीचा, बडनगर बाजूचा, आधी एका म्हाताऱ्या वकिलांकडे होता. मी त्याला गोळ्यांच्या वेळा सांगितल्या, आंघोळ कशी घालायची ते दाखवले आणि यजमान उभ्या उभ्या थांबले तर काय करायचे तेही. ओढायचे नाही. त्यांच्या पावलापुढे आपले पाऊल आडवे ठेवायचे आणि म्हणायचे, हे ओलांडा. जमिनीवरची वस्तू ओलांडायची म्हटले की पाय उचलला जातो. हे मला इंदूरच्या डॉक्टरांनी नंतर सांगितले होते.

"करून बघ," मी म्हटले.

यजमानांना आम्ही दोघांनी उभे केले. ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले आणि उंबऱ्याशी थांबले. माणसाने आपला पाय त्यांच्या पायापुढे ठेवला. मळका, भेगाळलेला, अनवाणी पाय.

"लाँघिए, बाबूजी."

यजमानांनी त्या पायाकडे पाहिले. जन्मात त्यांनी कुणाच्या पायाला पाय लागू दिला नव्हता, चुकून लागला तर नमस्कार करायचे. ते तसेच उभे राहिले. पाय थांबले होते की ते स्वतः थांबून राहिले होते, मला सांगता येत नव्हते.

"माफ कर भाई," ते त्याला म्हणाले, आणि पाय ओलांडून पलीकडे गेले.

मी पर्स घेतली, लूना काढली आणि ड्यूटीवर गेले. बाहेरून कुलूप लावले नाही.